न विचारतां घेतलेलें छायाचित्र

ज्या चित्राविषयीं आम्ही येथें लिहिणार आहोंत, तें पाहून पुष्कळांस प्रथम आदर वाटतो, व तो वाटणें योग्यच आहे. १९१६ सालीं पॉल स्ट्रँड या तरुण छायाचित्रकारानें न्यू यॉर्कच्या रस्त्यांत एका अंध विक्रेतीचें चित्र टिपलें. तिच्या गळ्यांत ‘अंध’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी आहे; वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला आहे. पुढील वर्षीं ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें आणि जगभर नांवाजलें गेलें. त्याच्या शीर्षकांत त्या बाईचें नांव मात्र नाहीं.

चित्र कसें घेतलें हें समजल्यावर आमच्या आदरांत थोडी अस्वस्थता मिसळते. स्ट्रँडनें कॅमेऱ्याच्या बाजूस एक खोटें भिंग बसविलें होतें. तो भलतीकडेच पाहत आहे असें लोकांस वाटे, आणि खरें भिंग त्यांच्यावर रोखलेलें असे. कॅमेरा दिसतांच माणसें ताठरतात. तीं आहेत तशीं टिपावीं, हा त्याचा हेतु होता. त्यांत कुचेष्टा नव्हती. तरी पण ही युक्ति डोळस लोकांकरितां होती. त्या बाईस फसविण्यास खोट्या भिंगाचीहि जरूर नव्हती.

कोणी म्हणेल, ती भर रस्त्यांत होती, आणि आपण अंध आहों हें तिच्याच पाटीवर लिहिलें होतें. खरें. पण ती पाटी गिऱ्हाइकासाठीं होती. जो थांबेल, चार पैसे देऊन कांहीं विकत घेईल, त्याच्यासाठीं. शंभर वर्षांनंतर आपण तिच्या डोळ्यांकडे निवांत पाहत बसावें, याला तिची संमति कोणीं घेतली होती?

याच्या उलट दुसरें उदाहरण पाहा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालीं आजारानें लुळे पडले. पुढें १९३३ पासून १९४५ पर्यंत ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. परंतु चाकांच्या खुर्चींतील त्यांचीं छायाचित्रें फारच थोडीं. वृत्तपत्रें तीं सहसा छापीत नसत, आणि कोणी कॅमेरा उचललाच तर रक्षक आडवे येत. अध्यक्षांची इच्छा पाळली गेली. रस्त्यावरच्या बाईस तिची इच्छा विचारावी, हें मनांतहि आलें नाहीं.

म्हणून अशीं चित्रें घेऊंच नयेत काय? तसेंहि नाहीं. १९९७ सालीं वॉशिंग्टन येथें रूझवेल्टांचें स्मारक उघडलें, तेव्हां पुतळ्याची खुर्ची झग्याखालीं जवळजवळ झांकलेली होती. त्यावर अपंग नागरिकांनींच तक्रार केली, आणि २००१ सालीं चाकांच्या खुर्चींत उघडपणें बसलेला दुसरा पुतळा तेथें आला.

आपल्या देशांत २०१६ च्या कायद्यानें, चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणें हा गुन्हा ठरविला आहे. परंतु न विचारतां चित्र घेणाऱ्या बहुतेकांचा हेतु अपमानाचा नसतोच. त्यांना दया आलेली असते. मदतवाटपाच्या समारंभांत रांगेनें उभ्या केलेल्या मुलांचीं चित्रें पाहा. (शाळांनींहि हें पुष्कळ केलें आहे.) देणारे कॅमेऱ्याकडे पाहून हंसत असतात, मुलें बहुधा जमिनीकडे पाहतात.

विचारणें अवघड नाहीं. अंध व्यक्तीस आपलें नांव सांगावें, हातांत कॅमेरा आहे हें सांगावें, चित्रांत काय दिसेल व तें कोठें जाईल हेंहि सांगावें. बोलावयाचें तें तिच्याशींच, सोबतच्या माणसाशीं नव्हे. ‘नको’ म्हटलें, तर कारण विचारूं नये.

आम्हांस हें उशिरा कळलें. गेल्या वर्षींच्या सहलींत एका स्थानकाबाहेर पाय नसलेले एक गृहस्थ चाकांच्या फळीवर बसून पेरू विकीत होते. आमच्या एका विद्यार्थ्यानें मोबाईलवर त्यांचें चित्र घेतलें. आम्हीं तें पाहून “छान आलें” असें म्हटलें. संध्याकाळपर्यंत तें पालकांच्या मोबाईलवर फिरलें. एका आईनें विचारलें, “त्यांना ठाऊक आहे का?”

पुढच्या रविवारीं तो मुलगा व आम्ही परत गेलों आणि चित्र त्यांना दाखविलें. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, आधीं सांगितलें असतेंत, तर टोपी तरी सरळ केली असती.”

त्यांनीं टोपी सरळ केली, पेरूंची टोपली पुढें ओढली, आणि मुलानें दुसरें चित्र घेतलें.