नोटेची कुंडली आधी मागा

प्रचारासाठी, जाहिरातीसाठी किंवा एखाद्या गावापुरत्या छापलेल्या नोटा मी बंगळुरूत राहून बरीच वर्षं जमवतो आहे. या छंदात लोक फसतात ते नकली नोटेमुळे क्वचितच. नोट खरीच असते. विकणारा सांगतो तितकी दुर्मिळ नसते, इतकंच.

इथल्याच एका प्रदर्शनात 'शून्य रुपया'ची कन्नड नोट मांडली होती. पन्नासच्या नोटेसारखी, गांधीजींचं चित्र असलेली. भाव 2000 रुपये! माझ्यासोबतच्या मुलाचा हात खिशाकडे गेला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. चेन्नईच्या फिफ्थ पिलर संस्थेने 2007 पासून ही नोट वाटली, लाच मागणाऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी. वेगवेगळ्या भाषांत, लाखांनी आणि फुकट. ती कुणी, कुठल्या कचेरीत, कशासाठी पुढे केली हे सांगणारा माणूस भेटला, तर मी ती जिवापाड जपेन. तेवढी माहितीही नसेल, तर तिच्यासाठी 2000 कशाला मोजायचे?

युरो येण्याआधीच्या तुकड्यांचंही तेच. 1996 ते 1998च्या सुमारास फ्रान्समधल्या काही शहरांनी आपापले 'युरो' काढले होते. ठरावीक दिवस गावातल्या दुकानांत चालायचे, मुदतीत फ्रँकमध्ये बदलून मिळायचे. खऱ्या युरो नोटा लोकांच्या हाती आल्या त्या 1 जानेवारी 2002 रोजी. म्हणून असा तुकडा समोर आला की शहराचं नाव, काढणाऱ्याचं नाव आणि मुदत शोधा. नुसते तारे आणि 'युरो' एवढंच छापलेलं असेल, तर ते कुठल्यातरी दुकानाचं पत्रकही असू शकतं.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली संस्थानी कॅश कुपनं. सुट्ट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा काठियावाड-राजपुतान्यातल्या काही संस्थानांनी पैसा-आण्याची ही जाड कागदाची तिकिटं काढली. इथे मात्र नंतर छापलेला माल मिसळलेला असू शकतो. अंधारात त्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. त्या काळचा कागद मळकट, मंद दिसतो. निळसर-पांढरा झळाळला तर हात आखडता घ्या. कागद उजळ करणारी ती रसायनं नंतरच्या काळातली आहेत. पैसे मोजण्याआधी बंगळुरूतल्या ब्रंटन रोडवरचं रिझवान रझाक यांचं भारतीय कागदी चलनाचं संग्रहालयही बघून या. अस्सल कागद डोळ्यांत भरून घेतला की बाजारात नजर चुकत नाही. आणि घेतलेली नोट कृपा करून लॅमिनेट करू नका.

विकायला काढाल तेव्हा रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कुणी फोन करेल, जुन्या नोटेला लाखोंचा भाव देईल आणि आधी कमिशन किंवा कर भरायला सांगेल. आपण अशा व्यवहारात नाही आणि असलं शुल्क कधीच मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे. फोन सरळ ठेवून द्या.