कासवांच्या दवाखान्याची वाट परभणीवरून जाते

‘मला जखमी समुद्री कासवांवर उपचार करायचेत,’ असं दहावी-अकरावीतलं पोर वैजापुरात म्हणालं की घरात दोन प्रश्न लगेच येतात. आपल्याकडे समुद्र कुठाय? आणि पगार किती? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडते. फक्त समुद्री कासवांवर उपचार करण्याच्या नोकऱ्या महाराष्ट्रात फार थोड्या आहेत. त्यांवर संसाराचं गणित मांडू नका. मात्र या कामाला जी पदवी लागते, ती घेतलेला माणूस मराठवाड्यात रिकामा बसत नाही. गुरं इथे घरोघर आहेत.

आधी काम काय असतं ते पाहू, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओत फक्त कासव समुद्रात सोडतानाचा क्षण दिसतो. पालघर जिल्ह्यात डहाणूला वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही संस्था मिळून समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी, थकलेली कासवं किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जास्त. बऱ्याचदा समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्याचा फास पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला बसलेला असतो. कासव सुटायला धडपडतं तसा नायलॉनचा दोरा मांसात रुततो, रक्तपुरवठा तुटतो आणि कधीकधी पाय कापावाच लागतो. कुणी गळ गिळलेला असतो, कुणाच्या पोटात प्लास्टिक असतं.

काही कासवं पाण्यात बुडूच शकत नाहीत. फुप्फुसाला इजा होऊन हवा शरीराच्या पोकळीत साठते किंवा आतडं तुंबून वायू धरतो. मग कासव एका अंगावर कलतं आणि तरंगत राहतं. बुडी मारता येत नाही म्हणून खाणं मिळत नाही, वरून पाठ उन्हात भाजते. अशा कासवाला कळवळ्याने पुन्हा पाण्यात ढकलणारे लोक त्याचं नुकसानच करतात. ओल्या कापडाखाली, सावलीत ठेवून वन विभागाला कळवणं हाच पहिला उपचार. पुढे एक्स-रे, जखमेची सफाई, प्रतिजैविकं, सलाइन. कासव हा सरपटणारा प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्यावर ठरतं आणि जखमही सावकाश भरते. महिनोन् महिने लागतात. तेवढे दिवस रोज टाकी घासायची, खारं पाणी बदलायचं, मासे कापून भरवायचे. डॉक्टरच्या अंगालाही माशांचा वास येतो. हे वाचून ज्याचा उत्साह टिकेल, त्याच्याशीच पुढचं बोलणं.

वैजापुरातून पहिली गाडी डहाणूची नाही, परभणीची पकडायची. रोटेगाव स्टेशनावरून ती थेट मिळते. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. मुंबईला परळचं महाविद्यालय तर 1886 पासूनचं. अभ्यासक्रम बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., आंतरवासितेचं एक वर्ष धरून साडेपाच वर्षांचा. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. म्हणजे एमबीबीएस हुकलेल्या मुलाच्या त्याच गुणपत्रिकेवर हाही दरवाजा उघडतो. पण हुकलं म्हणून आलेल्याला मी थोडं थांबवतो: पहिल्याच वर्षी शेण, गोठा आणि म्हशीची लाथ आहे.

पालकांना अडतं ते इथेच. ‘कासवांचं शिकायचं आणि परभणीत म्हशी तपासायच्या?’ हो. समुद्री कासवाची वेगळी पदवी या देशात नाही. टाके घालणं, भूल देणं, एक्स-रे वाचणं, हे हात आधी गाई-शेळ्यांवर तयार होतात. वन्यप्राण्यांकडे वळायचं ते पदव्युत्तर शिक्षणात. याच विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरला गोरेवाड्यात आहे. आणि कासवांपर्यंत पोहोचणं जमलं नाही, तरी एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, म्हणजे गट-अ राजपत्रित पद. दुग्धसंघ, औषध कंपन्या, प्राणिसंग्रहालयं, स्वतःचा दवाखाना हे मार्ग त्याशिवाय. मुलींसाठी राज्याची शुल्कमाफी कुणाला लागू होते, ते प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपत्रकात नक्की पाहा.

सुई-टाक्याची आवड नसलेल्यांनाही कासवांची दुनिया बंद नाही. उदगीर, नागपूर आणि रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी आहे. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जाता येतं. याच संस्थेने राज्याच्या वन विभागाबरोबर 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला. 2023 मध्ये गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. 2021 मध्ये ओडिशात खूण केलेलं कासव 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं, तेव्हा दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असतात हा समजही हलला. असल्या कामाला शरीरशास्त्रापेक्षा सांख्यिकी आणि नकाशाचं सॉफ्टवेअर जास्त लागतं. गणित सोडून जीवशास्त्राकडे पळणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

काही महिन्यांच्या ‘मरीन’ नावाच्या पदविका आणि परदेशी बेटांवर पैसे भरून करायची ‘स्वयंसेवा’ यांपासून मात्र लांब राहा. फ्लोरिडातल्या मॅरेथॉन गावी 1986 पासून कासवांचं रुग्णालय चालतं, जरूर पाहा; पण तिथला फोटो म्हणजे पात्रता नव्हे.

यंदा काय करायचं? अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र घ्या. पोहायला शिका. दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगी घेऊन उभं राहा. एखादी अवघड वीण पाहिली की हे आपल्याला जमेल की नाही ते कळतं. हिवाळ्यात नांदूर-मधमेश्वर किंवा जायकवाडीला पक्षी मोजणाऱ्यांबरोबर जा. वही आणि पेन घेऊन नोंदी करायची सवय पुढे टॅगच्या आकड्यांनाही उपयोगी पडते.

गोदावरीच्या पात्रात किंवा कालव्यात मऊ पाठीचं कासव जाळ्यात आलं, तर ते घरी टबात ठेवू नका. नशीब उघडतं म्हणून कासव पाळणारे अजून आहेत, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासवं पाळायला बंदी आहे. मोठा पशुवैद्य असला तरी वन विभागाला न कळवता त्याने परस्पर उपचार करून कासव ठेवून घ्यायचं नसतं. 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करा, वनरक्षक येईपर्यंत थांबा आणि पुढे त्या कासवाचं काय झालं, हे त्याला विचारून घ्या.