कोड लिहिण्याआधी बोला

गुगल, ॲमेझॉनसारख्या कंपनीच्या तांत्रिक मुलाखतीत एका राउंडला साधारण पाऊण तास मिळतो. प्रश्न समोर आला की आपली हुशार मुलं मान खाली घालतात आणि दहा-दहा मिनिटं चकार शब्द काढत नाहीत. डोक्यात विचार चालू असतो, पण तो समोरच्याला कसा दिसणार? मॉक इंटरव्ह्यू घेताना हे पाहून जीव तुटतो.

नेहमीचाच एक प्रश्न घ्या. यादीतले असे दोन आकडे शोधा, ज्यांची बेरीज 10 होईल. आधी विचारा: आकडे चढत्या क्रमाने लावलेले आहेत का? ऋण आकडे आहेत का? यादीत 5 एकदाच असेल तर तोच दोनदा धरायचा का? (या शेवटच्या मुद्द्यावर भल्याभल्यांचा कोड चुकतो.) मग साधा मार्ग सांगून टाका: प्रत्येक जोडी तपासायची. एक लाख आकडे असतील तर जवळपास 500 कोटी जोड्या होतील, हेही सांगा. त्यानंतर सुधारणा: 3 दिसला की आधी 7 येऊन गेलाय का, एवढंच पाहायचं. पाहिलेले आकडे हॅश टेबलमध्ये, म्हणजे एखादा आकडा आहे का ते चटकन सांगणाऱ्या साठ्यात, ठेवत गेलं की यादीवरून एकदाच फिरावं लागतं. ‘हॅश टेबल’ हे उत्तर पाठ करून आलेले पुष्कळ असतात. तुम्ही तिथवर कसे पोचलात, हे परीक्षकाला ऐकायचं असतं.

पालकांनो, कोड्यांची पुस्तकं आणू नका. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असले प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असं गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी 2013 मध्येच सांगितलं होतं. ॲमेझॉनमध्ये कोडिंगइतकाच भर त्यांच्या 16 नेतृत्वतत्त्वांवर असतो. टीममध्ये मतभेद झाले तेव्हा काय केलंस, असं विचारतात. तिथे ‘आम्ही प्रोजेक्ट केला’ एवढ्याने भागत नाही. त्यातलं तू काय केलंस, काय चुकलं, ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

घरी एक करता येईल. रात्रीची जेवणं झाली की लेकीला कागद-पेन द्या आणि तिने सोडवलेलं एखादं गणित मराठीतच समजावून सांगायला लावा. तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी चालेल. जिथे कळणार नाही तिथे थांबवून ‘असं का?’ विचारा, आणि कळेपर्यंत तिला पुन्हा सांगू द्या.