पितांबरी लावण्याआधी

चि. पुतणोबांस,


तुझ्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या ट्रंकेत निघालेल्या त्या सहा टोकांच्या ताऱ्याला पितांबरी लावू नकोस. फीत नीट बघ: मधोमध हिरवा पट्टा, दोन्ही अंगांना पांढरा, कडेला लाल. हा दुसऱ्या महायुद्धातला ‘इटली स्टार’. 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळात इटलीच्या आघाडीवर सेवा केलेल्यांना तो मिळाला. म्हणजे आषाढीला पंढरपूर सोडून कधी कुठे न गेलेले अण्णा इटलीला जाऊन आले होते.

तारा सांगतो ते एवढंच. घरात मात्र ‘अण्णांनी सेनिओ नदीवर जर्मनांना लोळवलं’ अशी बखर सुरूही झाली आहे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओकाठी गाजवलेल्या पराक्रमाची नोंद आहे, ती शिपाई नामदेव जाधवांच्या नावावर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतला हा निरोप्या. दोन जखमी सोबत्यांना त्याने गोळीबारातून एकेक करून सुखरूप आणलं, मग परत फिरून मशिनगनची ठाणी गप्प केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांचा पुतळा माणगावला आहे. ही शौर्यं ज्यांची त्यांच्याकडेच राहू देत. अण्णा कदाचित डोंगरवाटांवर रसद वाहणारी खेचरं हाकत असतील. त्या खेचरांविना पुढच्या ठाण्यांवर ना गोळी पोचली असती, ना भाकरी.

आधी डिस्चार्जचा कागद शोध. त्यावर शिपाई नंबर आणि पलटण असते. मराठा पलटण निघाली तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिही.

‘बोलले का नाहीत?’ म्हणून बापावर रुसायचं कारण नाही, हे तुझ्या आत्याला सांग. हिंदी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती, सक्तीने नेलेलं कोणी नाही. पण ते इटलीत असताना इकडे आपल्या साताऱ्यात नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार चाललं होतं. स्वातंत्र्यानंतर गावच्या पारावर गोऱ्या साहेबाच्या वर्दीतल्या गोष्टी ऐकणार कोण? हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तो मनाला पटतो.

कागद लॅमिनेट करू नकोस, नुसते फोटो काढ. आणि अण्णांच्या धाकट्या बहिणीकडे या रविवारीच जा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव.

तुझा,
काका