रिकाम्या नळीची वेळ

एकबारी रायफलबद्दल मला मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच हे लिहितो आहे. एका वेळी एकच काडतूस घेणारी, मॅगझिन नसलेली ही रायफल. जॉन ब्राउनिंगने 1879 मध्ये जिचे पेटंट घेतले आणि विंचेस्टरने 1885 मध्ये जी बाजारात आणली, तिथपासून रुगर कंपनीच्या ‘नंबर वन’पर्यंत हा घाट टिकून राहिला, तो काही उगाच नाही. नळी लांब ठेवूनही ती हातात आटोपशीर बसते, नेमाला खात्रीची असते, आणि मुख्य म्हणजे शिकाऱ्याला थांबायला शिकवते. दुसरी गोळी लगेच मिळणार नाही हे ठाऊक असले की माणूस पहिली गोळी जपून घालतो. हे सगळे मला मान्य आहे. तरीही मोंटाना, वायोमिंग किंवा अलास्कात, म्हणजे ग्रिझली अस्वलांच्या मुलखात, ही रायफल घेऊन एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याने स्वसंरक्षणाच्या हिशेबात तिची किंमत शून्य धरावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. एकनळी किंवा ठासणीची बंदूक आता कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कुठेकुठे उरली आहे, तेवढीच. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला परवाना काढून, मित्रांच्या सोबतीने अशा शिकारीला जाता येते, आणि हा मजकूर प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे.

या प्रश्नावरचा सर्वांत जुना आणि बोलका पुरावा 1805 सालचा आहे. लुइस आणि क्लार्क यांची शोधमोहिमेवरची तुकडी मिसुरी नदीच्या काठाने पश्चिमेकडे निघाली होती. त्यांच्याकडच्या बंदुका ठासणीच्या, म्हणजे अर्थातच एकबारी होत्या. एप्रिलच्या शेवटी मेरिवेदर लुइसने रोजनिशीत लिहिले की बाण आणि साध्या बंदुका घेऊन फिरणाऱ्या स्थानिकांना या अस्वलाची भीती वाटत असेल, पण निष्णात रायफलधाऱ्याला ते तितके भयंकर नाही. पुढच्या आठवड्यातच त्यांनी मारलेले एक अस्वल दहा गोळ्या लागून, त्यातल्या पाच फुप्फुसांतून आरपार गेलेल्या असूनही, निम्म्याहून अधिक नदी पोहून गेले आणि प्राण सोडायला त्याला किमान वीस मिनिटे लागली. 14 मे रोजी सहा शिकारी एकाच अस्वलावर चालून गेले. चौघांनी एकदम बार काढले, दोघांनी राखून ठेवले होते. म्हणजे एकबारी बंदुकीची उणीव त्यांनी माणसे वाढवून भरून काढली होती. तरी अस्वल अंगावर आले आणि दोघांना उंच काठावरून नदीत उडी टाकावी लागली. मग 14 जूनला खुद्द लुइसवर पाळी आली. ग्रेट फॉल्सजवळ त्याने एका रानरेड्यावर गोळी झाडली आणि तो कोसळण्याची वाट पाहत उभा राहिला. बार पुन्हा भरायचे राहून गेले. वीस पावलांवर अस्वल आले तेव्हा नळी रिकामी होती. तो पळत पाण्यात शिरला आणि भाला रोखून उभा राहिला, तेव्हा अस्वल आपण होऊन फिरले. बंदूक भरायला लागतो त्याहून अधिक वेळ ती रिकामी ठेवायची नाही, असे त्या दिवशी त्याने ठरवले. या नोंदींमध्ये मला महत्त्वाचे वाटते ते हे की लुइसचा नेम चुकला नव्हता. गोळी लागली होती, शिकार साधली होती, आणि नेमक्या त्याच क्षणी तो सर्वांत उघडा पडला होता.

आजची एकबारी रायफल ठासणीच्या बंदुकीपेक्षा पुष्कळ लवकर भरता येते, हा पहिला आक्षेप. खरे आहे. चापाखालची दांडी खाली ओढायची, नळीमागचा ठोकळा सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, नवे काडतूस बोटांनी नळीत सरकवायचे, दांडी वर. सराव असलेला हात हे तीन-चार सेकंदांत करतो. मधोमध मोडून उघडणाऱ्या रायफलींपैकी काहींत मात्र पुंगळी थोडीशीच वर येते आणि नखाने ओढून काढावी लागते. आता ऑक्टोबरमधल्या हिमात हे करून पाहा. बोटांवर लोकरी हातमोजा, काडतूस कोटाच्या खिशात चाव्या आणि रुमालाच्या खाली, पितळ थंडगार, आणि नजर नळीकडे की झुडपाकडे याचा निर्णय होत नाही. धावणारे ग्रिझली ताशी 56 किलोमीटरपर्यंत वेग घेते, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटरहून जास्त. चाळीस मीटरवरून ते तीन सेकंदांच्या आत तुमच्यापाशी पोचते, आणि दाट झाडीत चाळीस मीटरवरचे अस्वल बहुधा दिसलेलेच नसते. आफ्रिकेतले जुने हस्तिदंताचे शिकारी डाव्या हाताच्या बोटांमध्ये जादा काडतुसे धरून ठेवत. ती युक्ती आजही शिकण्यासारखी आहे, पण तिने एखाद-दुसरा सेकंद वाचतो, इतकेच.

मग मॅगझिन असलेली बोल्टची रायफल घ्यावी, हा दुसरा आक्षेप. तीत साधारण चार गोळ्या असतात आणि थोडा फायदा होतोच. तो मी नाकारत नाही. पण तो वाटतो तेवढा नाही. अलास्कात अस्वलांपासून बचावासाठी बंदुका वापरल्याच्या 269 घटनांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला. लांब नळीच्या बंदुका 76 टक्के वेळा उपयोगी पडल्या. अपयशाची कारणे पाहिली तर सर्वांत वर होते ते बंदूक वापरायला वेळच न मिळणे. गोळ्या संपणे हे कारण बरेच खाली होते. आणि बंदूक जवळ असून ती वापरलेल्यांच्या आणि न वापरलेल्यांच्या इजांमध्ये फारसा फरक आढळला नाही. यावरून मी असा अर्थ घेतो की एका काडतुसाऐवजी चार आणल्याने मूळ अडचण सुटत नाही. अस्वल येते त्या क्षणी रायफल हातात, भरलेली आणि रोखलेली असण्याची शक्यताच कमी असते.

ती का कमी असते, हे शिकारीचा दिवस बारकाईने पाहिला की कळते. खरा धोका एल्क पडल्यानंतर सुरू होतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जाते. कोथळा काढणे, सोलणे, चार फरे वेगळे करणे यात तास-दोन तास जातात. रायफल झाडाला टेकवलेली असते, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तात असतात, पाठ रानाकडे असते आणि वास वाऱ्याबरोबर दूर जात असतो. यलोस्टोनच्या परिसरात शिकारीचा हंगाम सुरू झाला की ग्रिझली उद्यानाच्या हद्दीबाहेर, शिकारी असतात त्या भागाकडे सरकतात, हे संशोधकांनी नोंदले आहे. सप्टेंबर 2018 मध्ये वायोमिंगमधला एक अनुभवी वाटाड्या आदल्या दिवशी पडलेल्या एल्कचे मांस काढताना अस्वलाच्या हल्ल्यात मारला गेला. पिस्तूल तिथे होते, पण अंगावर नव्हते. म्हणून बार निघाल्यानंतर पहिले काम एकच: प्राणी पडला का हे पाहण्याआधी नळी पुन्हा भरायची. दुसरे असे की एकट्याने सुरी हातात घ्यायचीच नाही. एक कापतो तेव्हा दुसरा उभा राहून फक्त रानाकडे बघतो. त्याने मांसाला हात लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. कोथळा जिथे काढला तिथे मांस ठेवू नये. शंभरएक पावले दूर, मोकळ्या जागी, परत येताना लांबून दिसेल असे ठेवावे. परतताना आवाज करत यावे, दुर्बिणीने आधी पाहून घ्यावे, आणि मांसावर अस्वलाने ताबा घेतला असेल तर ते त्याचे झाले असे समजून मागे फिरावे. एवढ्या मेहनतीचे मांस सोडायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. तरीही सोडा.

राहिला अस्वलाला परतवणारा मिरचीचा स्प्रे. स्मिथ, हेरेरो आणि सहकाऱ्यांनीच 2008 मध्ये अलास्कातल्या स्प्रेच्या वापराचा आढावा घेतला, तेव्हा तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली त्यांतलेच) बाबतीत 92 टक्के वेळा त्याने काम केले होते. दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या प्रकारे गोळा झालेल्या असल्याने आकडे थेट शेजारी ठेवणे बरोबर नाही, पण कल स्पष्ट आहे. वाऱ्यात फवारा उलटतो आणि थंडीत डब्याचा दाब कमी होतो, असे शिकारी म्हणतात, आणि तेही बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे थंडीत डबा कोटाच्या आत ऊबेत ठेवणे, मुदत तपासणे, आणि पिशवीत न टाकता एका हाताने निघेल असा छातीवर किंवा पट्ट्याला लावणे. फवाऱ्याचा ढग रुंद पसरतो, त्याला अचूक नेम लागत नाही, आणि रक्ताळलेल्या एका हातानेही तो मारता येतो. एकबारी रायफलीची नेमकी उणीव तो भरून काढतो. हा स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत, तेव्हा तिथे पोचल्यावरच विकत घ्या.

कायद्याचीही बाजू आहे. अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ग्रिझलीला 1975 पासून संरक्षण आहे. स्वसंरक्षणार्थ मारले तरी चौकशी होते. अलास्कात अशा अस्वलाचे कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते. पळून गेलेले जखमी अस्वल तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाला धोका असते.

तेव्हा एकबारी आवडत असेल तर जरूर न्या, एल्कवर जपून एकच गोळी घाला. पण अंगावर स्प्रे नसेल आणि राखणीला सोबती नसेल, तर त्या दिवशी ग्रिझलीच्या रानात पाऊल टाकू नका.