पाहुणा कलाकार कार्टूनमध्ये येतो तेव्हा

प्रश्न : ‘द सिम्प्सन्स’सारख्या विनोदी कार्टून मालिकांत खरेखुरे नट, गायक, शास्त्रज्ञ, एवढंच काय, पंतप्रधानही येऊन जातात. ते आवाज त्यांचेच असतात की कुणी नकलाकार काढतो? त्यांची परवानगी लागते का? आमच्या सेवाग्रामच्या बापूंनाही एका अमेरिकी मालिकेत आणलं होतं, असं मित्र सांगतो. खरं की थाप?
— एक महाविद्यालयीन वाचक, वर्धा

उत्तर : मित्राने थाप मारलेली नाही. फक्त बापू त्या मालिकेत पाहुणे नव्हते, मुख्य पात्रांपैकी एक होते. तिकडे येऊच, पण आधी आवाजांचं बघू.

कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर. संहिता तयार झाली की कलाकार ती एकत्र वाचतात, मग ध्वनिमुद्रण होतं आणि त्या आवाजावर ओठ, भुवया, हातवारे बेतले जातात. एक भाग पडद्यावर यायला कित्येक महिने जातात, पण पाहुण्याचं काम पहिल्याच टप्प्यात संपतं. मेकअप नाही, पाठांतर नाही, की बाकीच्या कलाकारांच्या तारखा जुळवायची कटकट नाही. मायक्रोफोन असला की झालं, मग तो त्याच्या गावी का असेना. २००३ साली ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे संवाद नोंदवायला ‘सिम्प्सन्स’चे निर्माते अल जीन थेट लंडनला डाउनिंग स्ट्रीटवर गेले. इराक युद्धाच्या त्या धामधुमीत ब्लेअर यांनी वेळ काढला, ओळी वाचल्या आणि ते आपल्या कामाला लागले. मानधन सहसा कलाकारांच्या युनियनने ठरवलेल्या किमान दराइतकंच. मोठी माणसं येतात ती पैशासाठी नव्हे. पिवळ्या रंगात, चार बोटांनिशी आपलं चित्र निघावं, याचंच त्यांना अप्रूप.

मात्र सगळे पाहुणे एका पद्धतीने येत नाहीत. काही स्वतः म्हणूनच येतात. चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन १९९४ मध्ये आले आणि स्टीफन हॉकिंग १९९९ मध्ये. हॉकिंग यांच्या बाबतीत नकलाकाराचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्रातून येणारा आवाज हीच त्यांची जगभरची ओळख होती. काही जण दुसऱ्याच पात्रामागे दडतात. एलिझाबेथ टेलर १९९२ मध्ये आल्या त्या तान्ह्या मॅगीच्या तोंडचा पहिला शब्द उच्चारायला. सगळ्या भागात त्यांचं काम एका शब्दाचं होतं आणि तो शब्द होता ‘डॅडी’.

मायकेल जॅक्सनची तऱ्हा याहून गमतीची. १९९१ च्या त्या भागात मनोरुग्णालयातला एक धिप्पाड माणूस स्वतःला मायकेल जॅक्सन समजतो. बोलण्याचा आवाज खुद्द जॅक्सनचा, पण रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या करारामुळे तो गाऊ शकत नव्हता, म्हणून गाणं गायलं किप लेनन नावाच्या नकलाकाराने. श्रेयनामावलीत जॅक्सनचं नावसुद्धा नाही, तिथे ‘जॉन जे स्मिथ’ असं टोपणनाव आहे. थोडक्यात, आपण मायकेल असल्याचा दावा करणाऱ्या भलत्याच माणसाला मायकेल आवाज देतो आणि गाताना मायकेलची जागा तिसराच घेतो. असा गुंता आपल्याकडे तमाशाच्या वगातच सापडावा. २०१९ मध्ये जॅक्सनवरच्या आरोपांची चर्चा नव्याने उसळली तेव्हा निर्मात्यांनी हा भाग प्रसारणातून काढून घेतला.

अट घालून आलेला पाहुणा मला सगळ्यांत आवडतो. १९९५ मध्ये लिसा सिम्प्सन मांसाहार सोडते, त्या भागात पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी आवाज दिले. त्यांची अट एकच होती : लिसाने पुढच्या भागात पुन्हा मटणावर ताव मारायचा नाही, कायम शाकाहारीच राहायचं. मालिकेने हा शब्द आजवर पाळला आहे. सेवाग्राम आश्रमाच्या स्वयंपाकघराला ही अट पसंत पडली असती.

आता नकलाकारांकडे वळू. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘साउथ पार्क’ने सगळी रीतच उलटी केली. प्रत्येक भागाच्या आरंभीच सूचना असते, की प्रसिद्ध व्यक्तींचे आवाज नकली आहेत आणि नक्कलही टाकाऊ आहे. जॉर्ज क्लूनी स्वतः होऊन आला, तर त्याला कुत्र्याचं काम दिलं, आणि तेही नुसतं भुंकायचं. म्हणजे ज्यांची टर उडवायची त्यांना विचारायचं नाही आणि जे आपण होऊन येतील त्यांना बोलू द्यायचं नाही! अमेरिकेत हे खपतं ते तिथल्या कायद्यामुळे. सार्वजनिक व्यक्तीच्या विडंबनाला १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भक्कम संरक्षण दिलं. त्याच वर्षी बेट मिडलर या गायिकेने दुसऱ्या एका न्यायालयात वेगळा वाद जिंकला. फोर्ड मोटारीच्या जाहिरातीत तिच्या आवाजाची हुबेहूब नक्कल वापरली होती. थट्टेसाठी नक्कल चालते, मोटार विकण्यासाठी चालत नाही, अशी ती रेघ आहे.

आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा नाही, पण न्यायालयं तशीच रेघ ओढू लागली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आवाजाला आणि चेहऱ्याला संरक्षण दिलं. २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या ‘झकास’ला आणि २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या ‘भिडू’ला ते मिळालं. अरिजित सिंग (२०२४) आणि आशा भोसले (२०२५) यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकाव केला. आपल्या कार्टूनमध्ये ‘पाहुणा’ मात्र क्वचितच दिसतो. ‘लिटिल सिंघम’मध्ये अजय देवगणने गाजवलेली भूमिका लहान पोर होऊन येते, पण आवाज त्याचा नाही. ‘सो सॉरी’ या बातमी वाहिनीवरच्या व्यंगपटांत पुढारी नाचतात-गातात, तेही नकलाकारांच्या आवाजात. स्वतःवरचा विनोद स्वतःच्याच तोंडाने बोलून दाखवायला स्टुडिओत जाणारा पुढारी अजून आपल्याला मिळायचा आहे.

आता बापू. मालिकेचं नाव ‘क्लोन हाय’. कॅनडात ती २००२ च्या अखेरीस आणि अमेरिकेत एमटीव्हीवर जानेवारी २००३ मध्ये दाखवली गेली. लिंकन, क्लिओपात्रा, जोन ऑफ आर्क, केनेडी यांच्या प्रतिकृती प्रयोगशाळेत जन्माला घालून त्यांना एका शाळेत घातलंय, ही मूळ कल्पना. त्यांतला गांधी हा पार्ट्यांच्या मागे लागलेला बडबड्या पोरगा. आवाज मायकेल मॅक्डोनल्ड या विनोदी नटाचा. खरे पाहुणे या मालिकेतही होते : मायकेल जे. फॉक्सने गांधीच्या उरलेल्या मूत्रपिंडाला आवाज दिला होता! भारतात मालिका दाखवलीच गेली नव्हती, पण बातमी पोहोचली. ३० जानेवारीला, म्हणजे बापूंच्या पुण्यतिथीलाच, दिल्लीत निदर्शनं झाली, उपोषणाचा इशारा दिला गेला आणि एमटीव्हीने माफी मागितली. मालिका एका हंगामातच आटोपली. २०२३ मध्ये ती नव्याने आली तेव्हा गांधी हे पात्र त्यात नव्हतं.

माझं मत विचाराल तर, मुळातली कल्पना वाईट नव्हती. थोर माणसाच्या नावाचं ओझं एका पोरावर टाकलं, तर तो त्याखालून पळ काढायला दंगा करणारच. पण लेखकांनी त्यातला दंगा तेवढा उचलला. विनोद कडवट होता म्हणून नव्हे, त्यात गांधीच नव्हता म्हणून तो फसला. चष्मा आणि नाव काढून घेतलं तर ते पात्र कुणाचंही असू शकलं असतं. गांधीजींच्या थट्टेचं आपल्याला वावडं असतं असंही नाही. देशोदेशीच्या व्यंगचित्रकारांनी त्यांचे कान, काठी, पंचा यांवर मनसोक्त रेघा ओढल्या, आणि ती चित्रं ‘गांधी इन कार्टून्स’ या पुस्तकात एकत्र करून १९७० मध्ये छापली ती खुद्द नवजीवन ट्रस्टने.

चित्रापेक्षा जास्त खटके उडतात ते बापूंच्या तोंडी शब्द घालण्यावरून. याचं मोठं उदाहरण मराठीतच आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत वार्तापत्रात छापली गेली. लातूरच्या न्यायालयात सुरू झालेला अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की इतिहासातल्या वंदनीय व्यक्तीच्या तोंडी भाषा घालताना अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागते. माफी छापणाऱ्या प्रकाशकाची सुटका झाली, कवीवरचा खटला मात्र चालू ठेवला गेला. या निकालावर अजूनही दुमत आहे. मला स्वतःला तो कवीवर जरा जड वाटतो.

जिवंतपणी बापू एकदा आवाजाचे पाहुणे झाले होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले असताना कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने त्यांची तबकडी काढली. त्यांनी होकार दिला, पण राजकारणावर बोलायला नकार दिला आणि ईश्वरावरचा आपलाच जुना लेख वाचून दाखवला. मॅकार्टनी दांपत्याने घातली तशी अट त्यांनाही घालता आली, कारण ते हयात होते. ‘क्लोन हाय’च्या वेळी त्यांना कुणी विचारणार कसं?

प्रश्न : मी मोबाइलवर छोटे ॲनिमेशन व्हिडिओ करतो आणि नटांच्या नकला स्वतःच काढतो. काही अडचण येईल का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : नक्कल स्वतःच्या गळ्याने काढा, ॲपमधून दुसऱ्याचा आवाज तयार करू नका, आणि व्हिडिओतच ‘आवाज नकली आहे’ असं लिहा. त्या आवाजात दुकानाची किंवा ॲपची जाहिरात करू नका, अडचण हमखास तिथूनच सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं व चित्रं व्यापारासाठी वापरायला १९५० च्या प्रतीके व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायद्याखाली केंद्र सरकारची परवानगी लागते. प्रायोजक शोधायच्या आधी तो कायदा वाचून घ्या, अगदी छोटा आहे.