'विरोधाभास' : शब्दार्थ आणि विनियोग

'विरोध' आणि 'आभास' या दोन पदांचा मिळून 'विरोधाभास' हा शब्द झाला आहे. त्यातील अर्थाचा भार उत्तरपदावर आहे. वस्तुतः नसून जे भासते, तो आभास. न्यायशास्त्रात हेतूसारखा दिसणारा, परंतु साध्य सिद्ध न करणारा जो हेतू, त्यास 'हेत्वाभास' म्हणतात. तद्वत् प्रथमदर्शनी विरोध वाटतो, परंतु विचाराअंती टिकत नाही, तो विरोधाभास होय.

मम्मटाचार्यांनी 'काव्यप्रकाशा'त या अलंकारास 'विरोध' असेच नाव दिले असून जाती, गुण, क्रिया व द्रव्य यांच्या परस्परसंबंधाने त्याचे १० प्रकार मानले आहेत. मात्र वास्तविक विरोध नसताना तसे बोलणे, हेच लक्षण त्यांनाही अभिप्रेत आहे. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त 'विरोधाभास' हे नाव येते व आशय नावातच स्पष्ट होतो. 'विद्या दिल्याने वाढते' हे वाक्य पाहावे. धन दिल्याने उणे होते, म्हणून श्रोता क्षणभर थबकतो. विद्येचे स्वरूप ध्यानी येताच विरोध मावळतो.

खरा विरोध कोणता आणि आभास कोणता, हे कसे ओळखावे? एकाच वस्तूविषयी, एकाच काळी आणि एकाच अपेक्षेने परस्परविरुद्ध धर्म सांगितले, तरच विरोध खरा. या तिहींपैकी एकात जरी भेद दाखविता आला, तरी विरोधाचा परिहार होतो. एकच पुरुष पिता आहे आणि पुत्रही आहे. येथे अपेक्षा भिन्न आहे. परमेश्वर निराकार आहे आणि अवतार धारण करतो, येथेही तोच न्याय लागतो. स्वरूपतः तो निराकार. जीवोद्धारार्थ मायेचा स्वीकार केल्याने तो साकार. आचारधर्मात साधकास विजन सांगितले आहे आणि गावात जाऊन भिक्षाही सांगितली आहे. विजनाचा समय वेगळा, भिक्षेचा समय वेगळा; म्हणून एक विधी दुसऱ्यास बाधत नाही. सूत्रांचे प्रसंग सांगणाऱ्या 'प्रकरणवश' ग्रंथाचे महत्त्व यातच आहे. वचन कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले हे कळले, की विरुद्ध भासणारी वचने आपापल्या स्थानी बसतात.

'दृष्टांतपाठा'तील हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. आंधळ्यांनी हत्तीचे एकेक अंग चाचपले आणि ज्याच्या हाती जे आले, त्यालाच प्रत्येकाने हत्ती मानले. अवयव म्हणून पाहता त्यांच्या बोलण्यात विरोध नाही. परंतु 'हत्ती एवढाच' असा आग्रह धरताच विरोध खरा होतो आणि सर्वच चुकतात. अर्थात, विरोध वस्तूत नव्हता, आग्रहात होता.

हल्ली या शब्दाचा विपरीत उपयोग होताना दिसतो. साक्षीदाराने आज एक व उद्या त्याच्या उलट सांगितले, तर 'जबानीत विरोधाभास आढळला' असे लिहितात. वास्तविक तेथे विरोध किंवा विसंगती आढळलेली असते. शब्दाची ही सैल योजना केवळ भाषेचा दोष म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण तिच्यापासून दोन प्रकारची हानी संभवते. शास्त्रवचनातील आभासास खरा विरोध समजणारा वाचक प्रसंग न शोधताच श्रद्धा गमावतो. उलट, स्वतःच्या आचरणातील खऱ्या विरोधास आभास म्हणणारा साधक सुधारणेची वाटच बंद करतो. मुखाने अहिंसा सांगावी आणि वाणीने दुसऱ्याचे अंतःकरण दुखवावे, येथे व्यक्ती एक, काळ एक, अपेक्षाही एक. अशा वेळी कोणताही परिहार उपयोगी पडत नाही. आचरणच पालटावे लागते.

म्हणून जिज्ञासूने ग्रंथ वाचताना विरोध दिसल्यास तो आभास असेल असे धरून प्रकरण शोधावे. आणि आत्मपरीक्षण करताना विरोध दिसल्यास तो खराच असेल असे धरून दोष शोधावा.